नाण्यातली खोट : टांकसाळीतली की रस्त्यावरची?

सदर : घामाचा दाम



गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, लहान मुले दारात आपापल्या चपला शोधू लागली, पण आमच्या वस्तीतील एक ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. चार घरचा स्वयंपाक करून दोन लेकरांना शिकवणाऱ्या या ताई. सगळे पांगल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली, रुमालात गुंडाळलेले एक नाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कारखान्यात डायचं काम केलंय ना? मग हे एवढं बघा. ह्याचे तीन लाख येतात म्हणे."

मी साकीनाक्याच्या एका प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षे डाय-फिटर होतो. पत्रा कापायचा, वाकवायचा, त्यावर ठसा उठवायचा, हाच जन्माचा धंदा. त्यामुळे वस्तीत कुणाला असे काही सापडले की ते माझ्याकडे येते.

नाणे दहा रुपयांचे होते. बाहेरचे कडे पिवळे, मधली चकती पांढरी. २०१५ साली बाबासाहेबांच्या १२५व्या जयंतीनिमित्त सरकारने काढलेले हे नाणे आपल्या बऱ्याच घरांत जपून ठेवलेले आहे. त्याच्या एका बाजूला मधोमध सिंहमुद्रा असते आणि तिच्या दोन अंगांना कड्यावर 'भारत' व 'इंडिया' ही अक्षरे असतात. दुसऱ्या बाजूला मधोमध बाबासाहेब आणि भोवती जयंतीची अक्षरे. ताईंच्या नाण्यात नवल असे की, 'भारत' आणि 'इंडिया' यांच्या मध्ये सिंहाऐवजी बाबासाहेब होते, आणि उलट बाजूला जयंतीच्या अक्षरांमध्ये सिंह जाऊन बसला होता.

ताईंच्या भाच्याने त्याचा फोटो मोबाइलवर टाकला होता. दुसऱ्याच दिवशी एका माणसाचा फोन आला. 'टांकसाळीतून चुकून सुटलेला दुर्मिळ नग' म्हणून त्याने तीन लाखांचा भाव सांगितला. पाठोपाठ रिझर्व्ह बँकेच्या नावाचे, शिक्क्याचे एक पत्र आले. नोंदणीसाठी १,२५० रुपये मागितले. ते ताईंनी भरलेसुद्धा. आता 'कराचे' म्हणून ७,५०० रुपये मंगळवारपर्यंत हवे होते. मुलीच्या नर्सिंगच्या हप्त्यासाठी भिशीतून उचललेले बरोबर तेवढेच पैसे घरात होते.

मी ताईंना एवढेच म्हटले, "आज एक रुपयाही पाठवू नका. तीन लाख खरे असतील तर दोन दिवसांनी पळून जात नाहीत. आधी आपण नाणे तपासू."

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना जो उपदेश केला तो आपण विहारात ऐकतो. कुणी मोठ्या माणसाने सांगितले, ग्रंथात लिहिले आहे, परंपरेने चालत आले आहे, एवढ्यावर विसंबू नका. स्वतः पारखून घ्या, असा त्याचा सारांश आहे. पोथीला जी कसोटी लावायची ती मोबाइलवरच्या चित्राला आणि शिक्क्याच्या पत्रालाही लावली पाहिजे. म्हणून आजचे हे सदर नाणे पारखण्यासाठी.

नाणे कसे तयार होते?

नाण्यातली चूक ओळखायची तर आधी नाणे कसे तयार होते ते समजले पाहिजे. ज्यांनी पॉवर प्रेसवर काम केले आहे त्यांना हे सांगावेच लागणार नाही. धातूच्या लांब पट्टीतून मशीन गोल चकत्या कापते. आपण कारखान्यात त्याला ब्लँक म्हणतो. ती कोरी चकती दाबून फिरवतात, म्हणजे तिची कड थोडी वर उचलली जाते. मग ती चकती दोन ठशांच्या मध्ये येते. एक ठसा खाली, एक वर, आणि भोवती पोलादी कडे. वरचा ठसा प्रचंड दाबाने खाली येतो आणि एकाच ठोक्यात दोन्ही बाजू उमटतात. भोवतीच्या कड्यामुळे धातू बाहेर पसरत नाही, नाणे गोल राहते.

आपल्या देशात चालू नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळींत तयार होतात. नाण्यावर सालाच्या खाली पाहा. बर्फीच्या आकाराची खूण असेल तर ते मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. चांदणीचे नाणे लाखाला जाते, अशी अफवा वस्त्यांतून फिरते. ती चूक आहे. ती फक्त गावाची खूण आहे.

आता मुख्य सूत्र लक्षात ठेवा. चकती कापल्यापासून ठोका बसून नाणे बाहेर पडेपर्यंत जी गडबड होते, तिलाच टांकसाळीची चूक म्हणतात. नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतर जे झाले ते सगळे नुकसान. चुकीच्या नाण्याला संग्राहक जास्त पैसे देतात. नुकसान झालेल्या नाण्याला त्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त कोणी देत नाही, बरेचदा तेवढेही देत नाही. म्हणून विचित्र नाणे हाती आले की स्वतःला एकच प्रश्न विचारा : 'मशीनमध्ये असे होऊ शकते का? होत असेल तर कोणत्या पायरीवर?' याचे उत्तर सापडले नाही, तर ते काम बाहेर कुणाच्या तरी हातोडीचे आहे असे समजा.

ताईंचे नाणे

हाच प्रश्न आम्ही ताईंच्या नाण्याला विचारला. दहाच्या नाण्यात कडे वेगळे आणि मधली चकती वेगळी असते. दोन्ही कोऱ्याच असताना चकती कड्याच्या भोकात बसवतात आणि मग ठोका मारतात. त्याच एका ठोक्यात चकती कड्यात घट्ट रुतते आणि चित्रही उमटते. ठशावर एका बाजूचे सगळे चित्र, म्हणजे मधले आणि कड्यावरचे, एकत्र कोरलेले असते. सिंह आणि 'भारत' हे एकाच ठशावर. बाबासाहेब आणि जयंतीची अक्षरे ही दुसऱ्या ठशावर. मग 'भारत' अक्षरांच्या मध्ये बाबासाहेब कसे येतील? त्यासाठी तसा तिसराच ठसा कोरावा लागेल. मशीनच्या चुकीने चकती तिरकी बसेल, भोकात नीट शिरणार नाही, एखादे कडे चकतीशिवायच छापले जाईल. पण छापून झालेली चकती मशीनमध्ये उलटी होणार नाही.

मग भिंग घेतले. चकती आणि कडे यांच्या सांध्यात एका ठिकाणी केसाएवढी फट होती. कड्याच्या आतल्या कडेवर चेमटल्याच्या खुणा होत्या. चकतीवर एका जागी बारीक गोल खळगा होता, पंच ठेवून ठोकल्यावर पडतो तसा. बाबासाहेबांची प्रतिमा भोवतीच्या अक्षरांच्या मानाने थोडी कललेली होती. नाणे फरशीवर टाकले तर खणखणीत न वाजता बद्द वाजले.

कुणीतरी मधली चकती ठोकून बाहेर काढली होती, उलटी करून पुन्हा दाबून बसवली होती आणि नाणे बाजारात सोडून दिले होते. मी ताईंना तसे सांगितले. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "साहेबांच्या तोंडावर हातोडी मारताना त्याला काहीच वाटलं नसेल का हो?"

घरच्या घरी तपासणी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंनी घरातला सुट्ट्या पैशांचा डबाच आणला. भाचाही आला. "मामा, मलाही शिकवा," म्हणाला. आम्ही तिघांनी मिळून जे केले ते तुम्हीही करू शकता. लागणारे सामान थोडे आहे : दहा पट दाखवणारे एक भिंग, एक लोहचुंबक, चांगला उजेड आणि सोनाराकडचा काटा. शिवाय त्याच प्रकारचे, त्याच काळातले एक चांगले नाणे शेजारी ठेवावे. जोडीला चांगले नाणे असले की खोट लवकर कळते.

वजन. सगळ्यात आधी हे करा. १९९२ नंतरच्या मोठ्या स्टीलच्या रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम. अकरा कोनांच्या जुन्या दोन रुपयांचे ६ ग्रॅम. तांबे-निकेलच्या जाड पाच रुपयांचे ९ ग्रॅम. दोन धातूंच्या दहाचे ७.७१ ग्रॅम. थोडासा फरक झिजेमुळे पडतो. पण नाणे बरेच हलके आहे, अक्षरे सगळीकडे सारखीच पुसट आहेत आणि वर बारीक भोके दिसतात, तर ते तेजाबात पडलेले किंवा मुद्दाम बुडवलेले नाणे. 'पातळ पत्र्यावर छापलेले दुर्मिळ नाणे' म्हणून असलीच नाणी विकतात.

चुंबक. स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, तांबे-निकेलचा चिकटत नाही. १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेला रुपया तांबे-निकेलचा आहे, वजन ६ ग्रॅम. तो चुंबकाला चिकटला तर शंका घ्यावी. दुसऱ्याच धातूच्या चकतीवर चुकून छापलेले नाणे ही मोठी चूक मानतात, पण तिथे वजन आणि धातू दोन्हींचा मेळ लागला पाहिजे. नुसता रंग वेगळा असून भागत नाही. आगीत सापडलेले नाणे काळेनिळे होते, जमिनीत पुरलेले तांबूस होते, आणि सोनेरी दिसणारे बहुधा कुणीतरी मुलामा दिलेले असते.

उभार की खळगा? नाण्यावर जादा रेघ दिसली तर तिच्यावरून अलगद नख फिरवा. रेघ वर उठलेली असेल तर ठशालाच तडा गेलेला होता, आणि त्या तड्यात धातू शिरून ती उमटली. ही टांकसाळीची चूक. रेघ आत गेलेली असेल तर बहुधा तो ओरखडा आहे. यालाही अपवाद आहे. ठसा आणि चकती यांच्यामध्ये दोरा, कचरा किंवा ग्रीस आले तर त्या जागी खोलगट किंवा पुसट छाप येते. पण त्या खळग्याचा तळ आणि कडा नाण्याइतक्याच जुन्या, गुळगुळीत दिसतात. ओरखड्यात कडेला धातूची चिमटी वर आलेली असते आणि आतला धातू बहुधा जास्त चमकतो.

कडेचा तुकडा नसणे. पट्टीतून चकत्या कापताना पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकावर पंच बसतो आणि चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी येतो. तशी चकती छापली की नाण्याची कड एका बाजूला खाल्लेली दिसते. ही खरी चूक आहे. पण कानशीने घासूनही असे करता येते. फरक कसा ओळखायचा? खऱ्या चुकीत कापलेल्या भागाजवळची अक्षरे थोडी ओढल्यासारखी, पुसट होत गेलेली असतात, कारण ठोक्याच्या वेळी धातू त्या मोकळ्या जागेकडे सरकतो. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षरे सुरीने कापावीत तशी मध्येच तुटतात आणि कडेवर बारीक समांतर रेघा दिसतात. आणखी एक खूण म्हणजे तुटक्या भागाच्या अगदी समोरची कड बरेचदा दबलेली, पुसट असते. कड उचलण्यासाठी चकती दोन्ही बाजूंनी दाबतात, तेव्हा एका बाजूला धातूच नसल्याने समोरच्या बाजूला जोर मिळत नाही. घासणाऱ्याला ही समोरची खूण सहसा ठाऊक नसते.

सरकलेली छाप. चकती ठशाखाली मधोमध बसली नाही, तर छाप एका बाजूला सरकते आणि दुसऱ्या बाजूला कोरी चंद्रकोर उरते. ही कोरी जागा सपाट, स्वच्छ असते आणि नाणे सहसा पूर्ण गोल राहत नाही. रेल्वेच्या रुळावर ठेवलेले नाणे मात्र चपटे होते, पसरते, त्याची अक्षरे रुंदावतात. लहानपणी आपण सगळ्यांनीच हा उद्योग केला आहे.

उलटी अक्षरे. छापलेले नाणे ठशालाच चिकटून राहिले आणि खाली नवी चकती आली, तर नव्या चकतीवर आरशातल्यासारखी उलटी, खोल गेलेली छाप पडते. ही दुर्मिळ चूक आहे. पण दोन नाणी वाइसमध्ये धरून आवळली तरी उलटी अक्षरे उठतात. अशा बनावट नाण्यावर मूळ चित्र उलट्या अक्षरांच्या खाली दबलेले दिसते आणि पाठीमागची बाजूही चेपलेली असते.

दुहेरी अक्षरे. अक्षराच्या शेजारी दुसरी सावली दिसली तर भिंगातून पाहा. सावली सपाट, पायरीसारखी, मूळ अक्षराला चेपून झालेली असेल तर ठोक्यानंतर ठसा किंचित हलला एवढाच अर्थ. अशी नाणी खूप सापडतात, त्यांना भाव नाही. दोन्ही अक्षरे सारखीच गोलसर, पूर्ण उंचीची आणि वेगवेगळी दिसत असतील, तर ठसाच दुहेरी कोरला गेला होता. तिला किंमत आहे.

फिरलेली बाजू. नाणे सिंहाच्या बाजूने सरळ धरा. वर-खाली दोन बोटांत पकडून पानासारखे उजवीकडून डावीकडे उलटा. मागची बाजू सरळच दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा डोके खाली आलेली असेल तर ठसा मशीनमध्ये फिरलेला होता. ही चूक बाहेर कुणाला करता येत नाही, म्हणून ती शोधणे सोपे. थोडा फरक चालतो, पण बराच फिरलेला असेल तरच संग्राहक विचारतात. दोन धातूंच्या नाण्यात मात्र मधली चकती आणि कडे दोन्ही सारखीच फिरलेली असली पाहिजेत.

आणि एक गोष्ट : निराळी नक्षी म्हणजे चूक नव्हे. दहाची नाणी वेगवेगळ्या नक्षीची आहेत. काहींवर रुपयाचे चिन्ह आहे, काहींवर नाही. दुकानदार घ्यायला नाकारत होते तेव्हा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले होते की तोपर्यंत निघालेली दहाची चौदाही प्रकारची नाणी चलनात आहेत. वेगळी नक्षी दिसली म्हणून नाणे ना खोटे, ना लाखाचे.

डब्यातून काय निघाले?

ताईंच्या डब्यात तीनशेच्या वर नाणी होती. दोन तास आम्ही एकेक पाहिले. चेपलेली, घासलेली, भोक पाडून गळ्यात घातलेली, डांबर लागलेली, सगळ्या तऱ्हेची निघाली. शेवटी भाच्याने एक स्टीलचा रुपया उचलला. १९९७ सालचा. कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा कमी. त्याने शेजारची अक्षरे पाहिली : ओढल्यासारखी होती. समोरची कड पाहिली : पुसट होती. काट्यावर ठेवला तर ४.४ ग्रॅम भरला. कानशीची एकही रेघ नव्हती. पोरगा आनंदाने ओरडला, "मामा, ही टांकसाळीची!"

खरोखरच ती टांकसाळीची होती. पुढच्या आठवड्यात मी फोर्टकडे गेलो तेव्हा ते नाणे एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला दाखवले. त्याने भिंगातून पाहून मान डोलावली आणि दोनशे रुपये देऊ केले. तीन लाख नव्हे, दोनशे. खरी चूक असली तरी तिचा भाव चूक किती मोठी, नाणे किती दुर्मिळ आणि घेणारा कोण यांवर ठरतो. १९११ साली पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या गळ्यातील साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक नाराज झाले. सरकारने ते रुपये परत घेऊन बहुतेक वितळवले आणि १९१२ पासून चित्र सुधारले. जे थोडे वाचले त्यांना आजही संग्राहक शोधतात. म्हणजे नुसत्या चुकीला भाव येत नाही. नग थोडे असावे लागतात आणि मागणारा असावा लागतो.

चुकीचे वाटणारे नाणे चिंच, राख, पितांबरी लावून घासू नका. चकाकी येते, पण नाण्याच्या अंगावरची मूळ कांती जाते आणि भाव पडतो. कडेने धरा, कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा.

चौथे शील

ताईंच्या उलट्या चकतीच्या नाण्याचे काय करायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, आपल्याला कुणीतरी फसवलं. पण आपण हेच मोबाइलवर टाकलं तर पाच हजार तरी येतील. घेणारा बघून घेईल की."

मी काही बोलण्याआधीच ताई म्हणाल्या, "घेणारा म्हणजे कोण? माझ्यासारखीच एखादी. रविवारी तोंडाने मुसावादा म्हणायचं आणि सोमवारी हे विकायचं? नको रे बाबा."

भाच्याने मान खाली घातली. पोरगा वाईट नाही. बेकार आहे, आणि हातात मोबाइल आहे. असली चित्रे अशाच पोरांना दाखवली जातात, हे मला त्या संध्याकाळी नीट कळले. 'आपलाच दाम खोटा' म्हणून कपाळावर हात मारण्यापेक्षा अशा पोरांना भिंग हातात द्यावे. त्याच्या डोळ्यांना खरे-खोटे दिसू लागले की लाखाच्या बाता त्याच्यावर चालत नाहीत.

पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो

आता सर्वात महत्त्वाचे. तुमची वस्तू विकत घेणारा माणूस तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. नोंदणी फी, कर, विमा, कमिशन, कशाचेही नाव घेऊन आधी पैसे मागितले की ओळखावे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते की जुनी नाणी-नोटा विकण्या-घेण्याच्या नावाखाली काही लोक बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून फी, कमिशन, कर मागत आहेत. आपण असा कोणताही व्यवहार करत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले होते. तेव्हा अशा पत्रावरचा शिक्का कितीही चांगला दिसला तरी ते पत्र खोटे.

मोबाइलवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत असे समजा. पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका. १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जितकी घाई कराल तितकी रक्कम थांबण्याची आशा जास्त.

ताईंनी फोन केला, पण त्यांचे १,२५० रुपये मिळाले नाहीत. बरेच दिवस उलटून गेले होते. ७,५०० मात्र वाचले. मंगळवारी ते पैसे मुलीच्या हप्त्याचे भरले. पावती त्यांनी मला आणून दाखवली.

नाण्याची खरी किंमत

आपल्या बाबासाहेबांनी रुपयाचा जेवढा खोल अभ्यास केला तेवढा थोड्यांनीच केला असेल. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलन आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. या साऱ्यात त्यांची नजर मजुराच्या ताटावर होती. रुपयाचा भाव घसरला की वस्तू आधी महागतात आणि मजुरी मागून रखडत येते. मग व्यापाऱ्याचा फायदा होतो आणि मजूर नागवला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. नाण्याची किंमत त्यावर काय लिहिले आहे यावर नाही, तर त्यात घरात काय येते यावर ठरते, हे आपल्याला त्यांच्याकडूनच शिकायला मिळाले.

म्हणून सांगतो, घरातला सुट्ट्या पैशांचा डबा एखाद्या रविवारी मुलांसोबत जरूर उपडा करा. खरी चूक निघाली तर आनंद माना, दोनशे मिळाले तर वह्या घ्या. पण लाखाच्या आशेने हप्त्याचा पैसा कुणाच्या हवाली करू नका. कुणी तीन लाखांचा भाव सांगितला, तर आधी भिंग काढा आणि मशीनमध्ये असे होऊ शकते का, हा प्रश्न विचारा.

ताईंनी तो १९९७ चा रुपया विकला नाही, भाच्याला ठेवायला दिला. आणि ते दहाचे नाणे? मी त्यांना म्हटले, आता त्याला कुठली हत्यारे लावू नका, पुन्हा ठोकाठोक नको. त्यांनी ते रुमालात गुंडाळले. बाबासाहेबांची बाजू वर राहील असे पाहून ते बुद्धमूर्तीच्या शेजारच्या डबीत ठेवले, आणि स्वयंपाकाच्या घरी जायला उशीर होतो म्हणून निघाल्या.

जय भीम! नमो बुद्धाय!